जुबेर मुकादमने वाचलेली सहा मिनिटं

नांदगाव तिठ्यावर जुबेर मुकादमचं दुकान आहे, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तिथे एक शटर आहे, शटरच्या आत एक टेबल आहे, आणि टेबलाच्या मागे जुबेर असेलच असं नाही. पाटीवर लिहिलंय, ‘मोडेम, राउटर, इन्व्हर्टर, मिक्सर दुरुस्त करून मिळतील.’ कधी मिळतील ते पाटीवर नाही, आणि विचारण्याचा उद्धटपणा गावात कुणी करत नाही. आमचा मिक्सर गेली दोन वर्षं तिथे आहे. तो आता जुबेरच्या घरचाच झालाय, शमीमभाभी त्यात चटणी वाटते आणि ‘तुमचो मिक्सर बरो चलता हां’ असं आम्हाला आवर्जून कळवते.

मोडेमची गोष्ट मात्र वेगळी. मोडेम जुबेर हातोहात दुरुस्त करतो. कारण त्याच्या मते माणसाने आयुष्यात दोनच गोष्टींवर प्रेम करावं, वायरीतून जे वाहतं त्याच्यावर आणि सी या भाषेवर. हे त्याने शमीमभाभीसमोर सांगितलं होतं. त्या दिवशी त्याला जेवायला तिठ्यावरच्या हॉटेलात जावं लागलं.

सी ही कॉम्प्युटरला हुकूम देण्याची एक जुनी भाषा. सत्ताण्णव-अठ्ठ्याण्णव साली कणकवलीत जुबेर ती शिकायला गेला. अर्ध्या वर्षात शिकवणारे सर जास्त पगाराच्या नोकरीला पुण्याला पळाले आणि उरलेलं पुस्तक जुबेरने स्वतःच संपवलं. पंचवीस वर्षांत जगात दुसऱ्या पुष्कळ भाषा आल्या. जुबेरने त्या सगळ्यांकडे फ्रीजमधल्या माशाकडे बघावं तसं बघितलं. त्याने लिहिलेले प्रोग्राम पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. वापरात नाहीत, प्रसिद्ध आहेत. मशिदीसाठी त्याने नमाजाच्या वेळा काढणारा प्रोग्राम केला. मौलवीसाहेबांनी त्याचं तोंडभर कौतुक केलं आणि भिंतीवरचं घड्याळ बघून अजान दिली. शमीमभाभीसाठी त्याने पाहुण्यांच्या संख्येवरून तांदूळ किती टाकायचे ते सांगणारा प्रोग्राम केला. त्याने पहिल्याच दिवशी साडेसात माणसांचा भात सांगितला.

“अर्धो माणूस कोण?” भाभीने विचारलं.

“तुझो भाव,” जुबेर म्हणाला. “तो नुसतो भात खाता, काम खंय करता?”

हॉटेलात जेवायला जायची ती दुसरी वेळ.

असा हा माणूस. शेहेचाळीस वर्षांचा, काडीसारखा, नाकावर चष्मा आणि कानामागे सोल्डरिंगची तार. त्याच्या सीचा जगाला काही उपयोग होईल असं कुणालाच वाटत नव्हतं, आणि जगानेही तशी घाई केली नव्हती. मग गेल्या ऑक्टोबरात हुमाची परीक्षा आली.

हुमा ही जुबेरच्या बहिणीची, तळेऱ्याला दिलेल्या कैनातची मुलगी. रक्त-लघवी तपासायचा कोर्स करून बसलेली. बसलेली म्हणजे अक्षरशः बसलेली, कारण प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांची जाहिरात सहा वर्षांनी निघाली होती. आणखी सहा वर्षांनी पुढची निघेल तेव्हा हुमाचं वय उलटून गेलेलं असणार, हे सांगायला प्रोग्राम लागत नव्हता. म्हणजे ही एकच परीक्षा. ती कॉम्प्युटरवर, कणकवलीत, गुरुदास सरांच्या क्लासात. घेणारी कुठलीशी शहरातली कंपनी.

रविवारी दुपारी अडीचला पेपर सुरू झाला. पावणेचारच्या सुमारास हुमाच्या कॉम्प्युटरवर प्रश्नच पुढे सरकेना. तिने हात वर केला. गुरुदास सरांनी लांबूनच ‘थांब, येईल’ अशी खूण केली, जी आपल्याकडे बस, पाऊस आणि साहेब या तिघांसाठी सारखीच वापरतात. थोड्या वेळाने खरंच आलं. पण प्रश्न आला नाही, वाक्य आलं, ‘उमेदवार स्वतःहून परीक्षेतून बाहेर पडली आहे.’ खाली हिरव्या रंगात ‘धन्यवाद’.

कैनातने कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक गोड आवाज आला. फोन हुमाने घेतला.

“मॅडम, सिस्टिममध्ये तुम्ही बाहेर गेल्याचं दिसतंय.”

“अहो, मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.”

“सिस्टिममध्ये खुर्ची दिसत नाही, मॅडम.”

हरकत घ्यायची तर सात दिवसांत, पुराव्यासह आणि केंद्रचालकाच्या सहीने. नाहीतर पेपर शून्य. दोघी मायलेकी तडक नांदगावला जुबेरच्या दुकानात आल्या. सगळं ऐकून जुबेरने चष्मा पुसला आणि म्हणाला, “गो, तेंची सिस्टिम काय म्हणता ता जावंदे. वायर काय म्हणता?”

त्या कंपनीने प्रत्येक सेंटरला एक काम लावलं होतं. परीक्षा चालू असताना वायरीतून जे जे जाईल-येईल त्याची नक्कल एका कॉम्प्युटरवर भरून ठेवायची. इंटरनेटवरून काही पाठवलं की ते अख्खं जात नाही, तुकडे होऊन जातं, सुरमईसारखं. प्रत्येक तुकड्यावर कुणाकडून, कुणाकडे हे लिहिलेलं असतं. त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात आणि एकेक तुकडा, गेल्याची वेळ घालून, ज्यात साठवतात ती ही फाईल. गुरुदास सरांनी ती इमानाने भरून, डिस्क कपाटात ठेवून, कपाटाला कुलूप लावलं होतं. आदल्या आठवड्यात दसऱ्याला त्या डिस्कला झेंडूचं फूलही वाहिलं होतं. यापलीकडे एखाद्या फाईलसाठी माणूस काय करू शकतो?

सोमवारी जुबेर क्लासात गेला.

“सदर फाईल गोपनीय आहे,” गुरुदास सर म्हणाले. सर एरवी जुबेरशी मालवणीत बोलतात. प्रमाण मराठीत शिरले की समजायचं, घाबरलेत.

“उघडून बघितलंस?”

“उघडता येत नाही. म्हणूनच गोपनीय.”

जुबेरने कंपनीच्याच नियमावलीचं एकेचाळिसावं पान काढलं. हरकत घेणाऱ्या उमेदवाराला केंद्राने नोंद दाखवली पाहिजे, असं त्यावर छापलेलं होतं. सरांनी ते पान पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्या प्रतीत चाळीसनंतरची पानं चहाचे डाग टिपायला गेली होती. अखेर ‘हयसरून नेलंस तसा परत हाड, आणि कोणाक सांगा नको’ असं मालवणीत बजावून त्यांनी नक्कल दिली.

आता ही फाईल उघडायला तयार प्रोग्राम मिळतात. चांगले असतात, फुकट असतात, रंगीत असतात. जुबेरने तसला एक लावला. फाईल चार जीबीची, जुबेरच्या कॉम्प्युटरची मेमरी दोन जीबीची. रंगीत प्रोग्रामने अख्खी फाईल तोंडात घ्यायचा प्रयत्न केला आणि तोंड उघडं ठेवूनच तो गेला. दुसऱ्या कुणी नवा कॉम्प्युटर मागून आणला असता. जुबेरचा चेहरा मात्र उजळला. पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस एकदाचा आला होता. ह्याला सीच पाहिजे!

सीमध्ये ह्या कामाचं एक तयार सामान मिळतं. त्याला सांगायचं, ही साठवलेली फाईल उघड. मग म्हणायचं, एक तुकडा दे. तो देतो. बघून झाला की टाकायचा आणि म्हणायचं, पुढचा दे. फाईल चार जीबीची असो की चाळीसची, हातात एका वेळी एकच तुकडा. संपलं की ते सामान ‘उणे दोन’ म्हणतं आणि गप्प होतं. जुबेरने हे कैनातला समजावून सांगितलं. कैनातने पदर तोंडाला लावून विचारलं, “भाई, उणे दोन म्हणजे चेडवाचे, हुमाचे मार्क?”

“नाय गो! फाईल सपली.”

“मगे सपली म्हणान सांगूक तेका काय होता?”

जुबेर कीबोर्डकडे वळला. ह्या प्रश्नाचं उत्तर सी शिकलेल्या कुणाकडेच नसतं.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्याने प्रोग्राम लिहिला आणि चालवला. प्रोग्राम पहिल्या काही तुकड्यांनंतर धाडकन मेला. परत चालवला, परत मेला. बुधवारी सकाळी मेला, दुपारी मेला. सात दिवसांतले तीन गेले. हुमा स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत होती आणि स्क्रीनवर मरण्यापलीकडे काही घडत नव्हतं. जेवायला बसल्यावर जुबेरने शमीमभाभीला गाऱ्हाणं सांगितलं.

“आता बघ. फाईल सांगता, हो तुकडो पंधराशे चवदा लांबीचो. मी पंधराशे चवदापर्यंत वाचूक जातंय, तर मदीच मरता. मगे लांबी चुकीची कशी सांगता?”

भाभी ताटात सुरमई वाढत होती. “बाजारात किशोरी सांगता, सुरमय बारा किलोची होती. माझ्या पिशवेत पडल्यो तीन तुकड्यो. मगे मी काय बारा किलोचो मसालो वाटू?”

जुबेर हातातला घास हातातच धरून तिच्याकडे बघत राहिला.

ते खरं होतं. जागा वाचवायला कंपनीने प्रत्येक तुकड्याचं फक्त डोकं साठवायला सांगितलं होतं, पहिले शहाण्णव बाईट. फाईलमध्ये म्हणूनच प्रत्येक तुकड्याच्या दोन लांब्या लिहिलेल्या असतात. एक, मूळ मासा केवढा होता ती. दुसरी, तुमच्या वाट्याला किती आला ती. वाचायची दुसरी. जुबेर बढाईची लांबी वाचत होता आणि जिथे काहीच नव्हतं तिथे हात घालत होता. सी ही भाषा अशा वेळी समजावून सांगत नाही, मरून दाखवते. पंचवीस वर्षांच्या तज्ज्ञाने एक शब्द बदलला आणि प्रोग्राम चालला. ‘किशोरीक सांग, तिना माझो प्रोग्राम चलयलो,’ असं तो नंतर भाभीला म्हणाला. स्वतः भाभीला धन्यवाद देणं त्याच्या स्वभावात नाही. तिसऱ्यांदा हॉटेलात गेला.

बुधवारी संध्याकाळी स्क्रीनवर आकड्यांच्या ओळी धबाधबा पडायला लागल्या. कैनात चष्मा लावून पुढे सरकली, आणि किंचाळली.

“भाई! पेपर सकाळी नऊक सुरू झालो म्हणान लिवलाहा! आमी नऊक घराकडे घावने खायत होतंव. मगे थय माझ्या चेडवाच्या नावान बसला कोण?”

“गो, कोणूच बसूक नाय. ता ग्रिनिचचा घड्याळ. आपला साडेपाच तास पुढे.”

“ग्रिनिच खंय इला?”

“विलायतेत.”

“परीक्षा कणकवलेक, घड्याळ विलायतेतला, कंपनी खंयची ती खुदाक ठावक,” कैनात म्हणाली. “आणि म्हणतत, माझा चेडू भायर गेला!”

जुबेरने साडेपाच तास मिळवले आणि मग तिघांनी ती सहा मिनिटं पाहिली.

दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटं आणि सात सेकंदांपर्यंत हुमाचा कॉम्प्युटर आणि कंपनीचा कॉम्प्युटर शेजारणींसारखे बोलत होते. हा विचारी, तो सांगे. मग हुमाच्या कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं आणि तिकडून ओ आली नाही. एक सेकंद थांबून त्याने परत हाक मारली. मग दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ, मग सोळा. बंद दारासमोर उभा राहिलेला माणूस असाच हाका मारतो, आधी घाईघाईने, मग जरा थांबून, मग आणखी थांबून, पण जात नाही. तीन अठ्ठेचाळीस एक्कावन्नला तिकडून एकदाची ओ आली, तीही ‘तुम्ही बाहेर पडलात’ अशी.

“मी हयच होतंय,” हुमा हळूच म्हणाली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच काही बोलली होती.

“होतंस ता दिसता. पण तू भायर पडूक नाय ह्या दाखवूक व्हया,” जुबेर म्हणाला, आणि त्याने ते दाखवलं. आपल्याकडे कुणी कुणाच्या घरून न सांगता निघत नाही. चप्पल घालता घालता ‘येतंय हां’ म्हणतो, यायचा विचार नसला तरी म्हणतो. कॉम्प्युटरांचंही तसंच असतं. निघताना एक छोटा तुकडा पाठवावा लागतो, ‘येतंय’ म्हणून. खिडकीकडच्या रांगेत हुमाबरोबर आणखी दोघे होते. त्यातला एक सव्वातीनला आणि दुसरा तीन पंचवीसला, पुढचं पुढे बघू अशा उदात्त विचाराने, पेपर टाकून निघून गेले होते. दोघांच्याही कॉम्प्युटरने ‘येतंय हां’ म्हटलेलं फाईलमध्ये सापडलं. हुमाच्या कॉम्प्युटरने शेवटपर्यंत म्हटलेलं नव्हतं. जुबेरने फाईल चार वेळा उणे दोनपर्यंत वाचली. नव्हतंच.

म्हणजे मुलगी बसलेली, कॉम्प्युटर हाका मारतोय, आणि मधली वायर सहा मिनिटं चव्वेचाळीस सेकंद मेलेली. बाकी सगळ्या रांगांना मात्र कसलाच त्रास नाही. खिडकीकडची रांग वेगळ्या मोडेमवर होती, हे जुबेरला माहीत होतं. तो मोडेम त्यानेच बसवला होता.

गुरुवारी जुबेर आणि हुमा कागद घेऊन क्लासात गेले. गुरुदास सरांनी कागद पाहिले. ‘सही’ हा शब्द ऐकल्याबरोबर सर प्रमाण मराठीत गेले.

“माझ्या केंद्रात कोणताही व्यत्यय आलेला नाही. तसं प्रमाणपत्र मी कंपनीला दिलेलं आहे.”

“कधी?”

“परीक्षेच्या आदल्या दिवशी. सर्वच केंद्रं आदल्या दिवशी देतात.”

“सर, सहा मिनिटं त्या मोडेमात जीव नव्हतो. लाईट गेली?”

“इन्व्हर्टर आहे.”

“मोडेम बंद पडलो?”

“तुम्ही बसवलेला मोडेम बंद पडतो असं आपलं म्हणणं आहे का?”

जुबेरने कागद पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतले. गुरुदास सर नाव मिळवतात ते उगाच नाही.

तेवढ्यात सावित्री चहा घेऊन आली. क्लास झाडणं, पाणी भरणं, चहा करणं आणि मुलांच्या चपला सरळ लावणं, हे सगळं तिच्याकडे. साठीला आलेली बाई. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, “खिडकीकडलो मोडेम ना? तो मी काढलंय.”

जुबेर आणि सर दोघेही एकदम तिच्याकडे वळले.

“म्हणजे काय केलंस?” सर एका दमात मालवणीत परतले.

“तेची वायर काढलंय. गडगडाक लागला ना आयतवारी! मोठो मोडेम कपाटात, थय माझो हात पावना नाय. ह्येची तेवढी काढलंय. मगे गडगडूचा थांबला तशी लावलंय. जळलो नाय, बघा!” तिच्या चेहऱ्यावर, आपण एक यंत्र वाचवलं याचं निखळ समाधान होतं.

बाहेरगावच्या वाचकाला हे वेडेपणाचं वाटेल. त्याने एकदा ऑक्टोबरात, भातकापणीच्या दिवसांत, दुपारनंतर इकडे येऊन बघावं. डोंगराच्या मागे ढग काळा झाला आणि पहिलं गुरगुरणं ऐकू आलं की अख्ख्या सिंधुदुर्गात माणसं धावायला लागतात. कापलेलं भात झाकायला निम्मी आणि वायरी काढायला निम्मी. टीव्हीची काढतात, फ्रीजची काढतात, मोडेमची तर दोन्हीकडून काढतात. आमच्या शेजारचे लवूकाका भिंतीवरच्या घड्याळातला सेलसुद्धा काढतात. मग चार दिवसांनी जुबेरला फोन जातो, ‘नेट नाय!’ आणि जुबेर येऊन ती वायर परत खोचतो.

“पण परीक्षा चालू असताना वायर काढूक तुका सांगितल्यान कोणी?” सर ओरडले.

सावित्रीने जुबेरकडे हात केला. “ह्येनीच! ह्येंका विचारा ना.”

आणि सांगितलं होतंच. तीन वर्षांमागे एका दुपारी विजेने कणकवली-नांदगाव पट्ट्यातले अकरा मोडेम भाजून काढले. तेव्हा जुबेरने गावोगाव फिरून, बायाबापड्यांना समोर बसवून शिकवलं होतं, ‘गडगडला काय आदी वायर. हातात काय पण काम असांदे, आदी वायर!’ त्याच्या आयुष्यात त्याने सांगितलेली ही एकमेव गोष्ट जी लोकांनी तंतोतंत पाळली. त्याचे प्रोग्राम कुणी वापरले नाहीत, पण हे सगळ्यांनी ऐकलं. त्याने पंचक्रोशीतले मोडेम वाचवले आणि बहिणीच्या मुलीची परीक्षा बुडवली.

हुमाने मामूकडे पाहिलं. मामू चहाच्या कपात बघत होता. कपात फार बघण्यासारखं काही नव्हतं.

गुरुदास सरांना मात्र वाट दिसली. “मग प्रश्न मिटला. लिहा, केंद्रातील स्वच्छता कर्मचारी सावित्री हिच्या निष्काळजीपणामुळे. मी तिला उद्यापासून कमी करतो, केंद्राची चूक राहत नाही, मुलीचंही काम होतं.”

सावित्री ट्रे छातीशी धरून उभी. तिला ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कळला असावा, कारण ती म्हणाली, “मी काळजीनच काढललंय, सर.”

“मामू,” हुमा म्हणाली, “मावशेचा नाव घालून माका परीक्षा नको.”

“गो, सात दिवस रविवारी सपतत,” जुबेर म्हणाला. “दुसरी परीक्षा येवची नाय.”

“माका ठावक आसा. तरी नको.”

जुबेरने कानामागची तार काढली, टेबलावर ठेवली आणि सरांचं पेन मागून घेतलं. पुढची दहा मिनिटं तो लिहीत होता. प्रमाण मराठी त्याला सीपेक्षा अवघड जाते. लिहून झालं ते असं: ‘दि. १२ रोजी दुपारी ३.४२ वाजता विजेचा गडगडाट सुरू झाल्याने उपकरणाच्या संरक्षणार्थ मोडेमची वायर काढण्यात आली. गडगडाट होताच वायर काढावी अशी कायमची सूचना या केंद्रास मी, जुबेर महंमद मुकादम, राहणार नांदगाव, याने दिली होती. परीक्षेच्या वेळी काढू नये असे सांगण्याचे मला सुचले नाही. उमेदवार जागेवर होती. तिच्या संगणकाने निरोप घेतलेला नाही. पुरावा सोबत.’

सरांनी वाचलं. स्वतःचं नाव कुठे आहे का ते शोधलं. नव्हतं. जबाबदारीच्या जागी दुसऱ्याचं नाव दिसलं की आपल्याकडे सही फार सुवाच्य येते. सरांची तर त्या दिवशी शाळेतल्या कित्त्यासारखी आली.

हरकत नोंदवायची कंपनीची जागा मात्र कंपनीलाच शोभणारी होती. पुरावा म्हणून तिथे फक्त फोटो चढवता येत होते, तेही दोनशे केबीच्या आतले. चार जीबीची फाईल चढणं शक्यच नव्हतं, म्हणून तीनशे बारा ओळींचा प्रोग्राम आणि निकालाच्या एकोणीस पानांचे फोटो काढायचे ठरले. शमीमभाभीने पलंगावर नवी हिरवी चादर घातली, कारण ‘मोठ्या ऑफिसात जातले, बरे दिसांदे’. हुमाने त्या चादरीवर एकेक पान मांडून फोटो काढले. शुक्रवारी संध्याकाळी, दोन दिवस हातात ठेवून, हरकत गेली. सीमध्ये लिहिलेला आणि चादरीवर झोपवून फोटो काढलेला तो देशातला पहिलाच प्रोग्राम असावा.

तो कुणी वाचला की नाही देव जाणे. पण अठरा दिवसांनी उत्तर आलं. ‘आपण सादर केलेल्या छायाचित्रांचे अवलोकन करून’ हुमाची हरकत मान्य झाली होती. फेरपरीक्षा, त्याच केंद्रावर, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. खाली आणखी एक परिच्छेद होता. ‘श्री. जुबेर महंमद मुकादम यांना सदर केंद्राच्या आवारात व उपकरणांजवळ परीक्षेच्या दिवशी प्रवेश देऊ नये.’ गुरुदास सरांनी तो परिच्छेद छापून दारावर चिकटवला. ज्यांना जुबेरचं आडनाव ठाऊक नव्हतं, त्यांनाही कळलं. सावित्री मात्र त्या कागदाखालून झाडू मारताना दरवेळी ‘चुकीचा लिवलाहा’ असं म्हणत राहिली.

फेरपरीक्षेच्या दिवशी जुबेर रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर उभा होता. आवार म्हणजे नेमकं कुठपर्यंत हे त्याने सरांना आधी विचारून घेतलं होतं. सरांनी ‘गटारापर्यंत’ असं लेखी दिलं होतं. जुबेर गटाराच्या एक फूट पलीकडे. शेजारी कैनात, हातात डबा, ओठांवर दुआ. आकाश कोरं होतं. साडेअकराला सुरू झालेला पेपर दीडला सुटला. मधल्या दोन तासांत जुबेरने सहा चहा घेतले आणि टपरीवाल्या सिद्धेशचा वायफाय विनाकारण दुरुस्त केला.

हुमा बाहेर आली, रस्ता ओलांडून.

“नेट कसा होता?” जुबेरने आधी तेच विचारलं.

“नेट बरा होता मामू. एकदाव अडकूक नाय.”

“मगे?”

“पेपर कठीण होतो.”

जुबेरने चष्मा काढला. वायर असती तर बघितली असती, फाईल असती तर वाचली असती. हे त्याच्या हातातलं नव्हतं. “कितको कठीण?”

“वीसेक प्रश्न माका येवकच नाय. बाकीचे बरे गेले. काय होता ता फेब्रुवारीत कळतला.” तिने आईच्या हातातला डबा घेतला आणि बाकड्यावर बसून उघडला. “पण आता नापास झालंय तर माझी मी झालंय. कोणाच्या सिस्टिमीन माका भायर काढूक नाय.”

कैनातने डोळे पुसले. जुबेरने चष्मा परत नाकावर बसवला आणि सिद्धेशला हाक मारली.

“चेडवाक चाय दी रे. मोठो कप.”